मशीनच्या अलीकडे

कांद्याचा जिनोम, म्हणजे त्याच्या पेशीतल्या डीएनएचा पूर्ण संच, माणसाच्या जिनोमच्या पाचपट मोठा आहे. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची साधारण ३१० कोटी अक्षरं भरतात, कांद्याच्या संचात १,६०० कोटी. म्हणून लासलगावच्या आवारात ट्रॉलीवर ट्रॉली रिकामा होणारा हा माल आपल्यापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे, असं समजायचं कारण नाही. त्यातला फार मोठा भाग म्हणजे स्वतःच्याच नकला काढत पसरलेले तुकडे. जिनोममधलं अक्षर न अक्षर कामाचं असतं असं म्हणणाऱ्याने आधी कांद्याला एवढी अक्षरं कशाला लागतात ते सांगावं, असं आव्हान रायन ग्रेगरी या जीवशास्त्रज्ञाने २००७ मध्ये दिलं. तेव्हापासून त्याला 'कांदा-चाचणी' म्हणतात. नाशिककरांनी अभिमानाने मिरवावी अशी ही गोष्ट, पण निफाडकडचा एखादा संशोधक कांद्याच्या ५० वाणांचा जिनोम वाचायला निघतो तेव्हा हाच विनोद जिनोमिक्स फॅसिलिटीचं, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या जिनोम-वाचन केंद्राचं, बिल होऊन समोर येतो.

प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलं गेलं तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो, असा रूढ संकेत आहे. कांद्यासाठी त्याचा अर्थ एका नमुन्यामागे ४८० गिगाबेस, म्हणजे ४८० अब्ज अक्षरं. द्राक्षाचा जिनोम सुमारे ५० कोटी अक्षरांचा, तिथे १५ गिगाबेसमध्ये काम भागतं. एका कांद्याच्या खर्चात ३२ द्राक्षवेली वाचून होतात. आणि ५० वाण म्हटले की २४ हजार गिगाबेस. डीएनए वाचणाऱ्या आजच्या मोठ्यातल्या मोठ्या इल्युमिना मशीनची, नोव्हासेक एक्सची, एक लेन सुमारे एक हजार गिगाबेस देते, तेव्हा २४ लेन झाल्या. ज्या काचपट्टीवर नमुने वाचले जातात ती फ्लो सेल, आणि लेन म्हणजे तिचा एक कप्पा. पूर्ण तीन फ्लो सेल.

हे गणित कागदावर पाच मिनिटांचं आहे. तरी कित्येक प्रस्तावांमध्ये ते केलेलंच नसतं आणि पहिल्यांदा ते करून देतो तो सामाईक जिनोमिक्स फॅसिलिटीतला माणूस. बहुतेकदा फोनवर, फुकट. पुढचं वाक्यही त्याचंच असतं: सगळा जिनोम वाचू नका. वाणांमधलं नातं बघायचं असेल तर ठरावीक ठिकाणी डीएनए कापणारी एन्झाइम वापरा आणि त्या कापांच्या आजूबाजूचाच भाग वाचा. कोणती जनुकं चालू आहेत ते बघायचं असेल तर फक्त आरएनए वाचा. नकलांचा तो प्रचंड पसारा त्यात बराचसा येतच नाही.

फॅसिलिटी बाहेरून दिसते ती यंत्रांची खोली. डीएनए वाचणारा सिक्वेन्सर, तुकड्यांची लांबी मोजणारं टेपस्टेशन, डीएनए मोजणारं क्यूबिट, उणे ८०चे फ्रीझर, शेजारी गरम हवा फेकणारा सर्व्हर आणि या सगळ्याला आधार देणारा यूपीएस. मोठ्या सिक्वेन्सरची किंमत कोटींत जाते आणि वार्षिक देखभालीचा करार वेगळा. एकट्या विभागाला, एकट्या महाविद्यालयाला हे झेपत नाही, म्हणून ते सामाईक. हैदराबादच्या सीसीएमबीत आणि बेंगळुरूच्या सी-कॅम्पमध्ये अशा सेवा आहेत. देशभरातली सरकारी निधीतून घेतलेली उपकरणं बाहेरच्या संशोधकांना दिसावीत आणि आरक्षित करता यावीत म्हणून २०२०मध्ये आय-स्टेम हे पोर्टल सुरू झालं. पण मशीनचा वेळ आता खासगी कंपन्याही विकतात, आणि बऱ्याचदा स्वस्तात. फॅसिलिटीत मिळणारी खरी वस्तू वेगळी आहे. तिथल्या तंत्रज्ञाने शेकडो लोकांच्या फसलेल्या ट्यूब पाहिलेल्या असतात. आपली ट्यूब कुठे फसणार, हे तो मशीनच्या बरंच अलीकडे सांगतो, आणि वेळ पडली तर 'हे लावणार नाही' असंही म्हणतो.

हा नकार कुठून येतो ते द्राक्षावर नीट दिसतं. ऑक्टोबर छाटणी झाली, ढगाळ हवा लागली, पानं ओली राहिली की वेलीवर डाऊनी हा रोग येतो. स्ट्रोबिल्युरिन गटातलं औषध मारूनही तो हटत नाही, तेव्हा संशोधकाला शंका येते की रोगाच्या जीवाने प्रतिकार कमावला. मग फॅसिलिटीला ईमेल जातो: डाऊनीच्या ४० नमुन्यांचं होल जिनोम सिक्वेन्सिंग करायचं आहे, कोटेशन द्यावं.

चांगली फॅसिलिटी कोटेशन देत नाही, प्रश्न विचारते. नेमकं काय बघायचं आहे? प्रतिकारच बघायचा असेल तर त्याचं एक मुख्य कारण आधीच माहीत आहे. सायटोक्रोम-बी या जनुकात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन येतं, आणि त्यासाठी एकच अक्षर बदलतं: जीजीटीचं जीसीटी. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधूनही हा बदल नोंदला गेला आहे. एक अक्षर बघायला जिनोम कशाला? तेवढ्या तुकड्याच्या पीसीआरने असंख्य प्रती काढा आणि एकेक छोटा तुकडा वाचणाऱ्या सँगर पद्धतीने तो वाचा. सँगरच्या एका वाचनात ७०० ते ८०० अक्षरं स्वच्छ मिळतात. फक्त सुरुवातीची ३०-५० अक्षरं गढूळ येतात, तेव्हा प्रायमर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं तो आखूड तुकडा, त्या जागेपासून निदान शंभर अक्षरं लांब ठेवा.

एवढ्यावर भागेलच असंही नाही. बागेतल्या एका डागावर एकच वंश नसतो. प्रतिकारक आणि संवेदनशील यांची सरमिसळ असली तर सँगरच्या आलेखात दोन शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतात, आणि अल्पमतातला वंश १५-२० टक्क्यांच्या खाली असेल तर तो पार्श्वभूमीच्या गोंधळात बुडून जातो. म्हणून 'आहे की नाही' एवढंच हवं असेल तर सँगर घ्यावा. 'किती टक्के आहे आणि हंगामात वाढतो का' हे हवं असेल तर तोच छोटा तुकडा हजारो वेळा वाचणारं ॲम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग. दोन्हींचा खर्च होल जिनोमच्या जवळपासही जात नाही.

समजा, जिनोमच हवा आहे. मग दुसरी अडचण उभी राहते. डाऊनीचा हा जीव जिवंत पानाशिवाय वाढत नाही, प्रयोगशाळेतल्या प्लेटवर तो येत नाही. डागाळलेलं पान वाटून डीएनए काढला तर त्यात द्राक्षाचाच डीएनए जास्त असतो आणि पैशातला मोठा वाटा द्राक्ष वाचण्यात जातो. उपाय शेतातला आहे. डागाचं पान पालथं करून ओल्या टिपकागदावर बंद डब्यात, अंधारात, २० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवायचं. सकाळी पानाच्या मूळच्या खालच्या बाजूवर ताजी पांढरी लव येते. ती मऊ ब्रशने थंड पाण्यात झाडून घ्यायची, सेंट्रिफ्यूज करायची आणि त्या गाळातून डीएनए काढायचा.

द्राक्षाच्या पानातून डीएनए काढणं हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. पानात पॉलिफिनॉल भरपूर आणि साखरेच्या लांब साखळ्याही. पान वाटलं की फिनॉलचं ऑक्सिडेशन होतं, ते डीएनएला चिकटतं आणि पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला डीएनएचा गाळ, तपकिरी येतो. असा तपकिरी पेलेट धुऊन पांढरा होत नाही. साखळ्या राहिल्या तर पेलेट बुळबुळीत होतो, पिपेटच्या टोकाला लोंबतो आणि पुढची एन्झाइम अडतात. म्हणून कोवळी पानं घ्यायची, शेंड्यापासून तिसरं-चौथं. जून पान दिसायला भरदार, पण डीएनए कमी आणि कचरा जास्त. साधारण १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखं बारीक वाटायचं, मध्ये वितळू न देता. बफरमध्ये २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबण), १.४ मोलर मीठ, १ ते २ टक्के पीव्हीपी आणि आयत्या वेळी, फ्यूम हूडमध्येच घातलेलं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी फिनॉलला धरून ठेवतं, मरकॅप्टोइथेनॉल ऑक्सिडेशन थोपवतं, जास्तीचं मीठ साखळ्यांना द्रावणात ठेवून डीएनएला वेगळं खाली बसू देतं. ६५ अंशांवर अर्धा ते एक तास, मग २४ भाग क्लोरोफॉर्म आणि १ भाग आयसोअमाइल अल्कोहोल. मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लागू द्यायचं नाही. वरचं पाणी पूर्ण काढायचा मोह आवरायचा. दोनशे मायक्रोलिटर मागे राहिले तरी चालतील.

नाशिक भागात आणखी एक गोष्ट पानावर असते, फवारणी. बोर्डोचा निळसर थर तसाच वाटला गेला तर तांबं पीसीआरला अडवतं. द्राक्षाचाच डीएनए हवा असेल तर पानं आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवावीत. पानावरची बुरशी हवी असेल तर धुणं म्हणजे नमुनाच सांडणं, तेव्हा अशा वेळी फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव वहीत लिहावं आणि फॅसिलिटीच्या फॉर्मवरही. 'इतर माहिती' हा रकाना लोक रिकामा सोडतात. पण रन, म्हणजे मशीनवरची वाचनाची फेरी, का बिघडला याचा शोध सहसा तिथूनच सुरू करावा लागतो.

पानावर कोणते जीवाणू राहतात, असा प्रश्न वाइनसाठी द्राक्षं लावणाऱ्यांकडून हल्ली वारंवार येतो. इथेही एक ठरलेला सापळा आहे. जीवाणू ओळखण्यासाठी १६-एस नावाचं जनुक वाचतात. पण पानातलं हरितलवक आणि मायटोकाँड्रिया हे मुळात जीवाणूंचेच वंशज, त्यांच्यातही १६-एस असतं. नेहमीचे प्रायमर वापरले तर हाती येणाऱ्या वाचनांतली बहुतांश हरितलवकाची निघू शकतात. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, ७९९-एफ हा हरितलवकाला न बसणारा प्रायमर. तो मायटोकाँड्रियालाही धरतो, पण तो तुकडा लांब येतो आणि जेलवर वेगळा कापता येतो. दुसरा, पीएनएचे अडसर, जे वनस्पतीच्या तुकड्यावर बसून त्याची वाढच रोखतात. यातलं काहीही न करता आलेल्या नमुन्यांच्या प्लेटला फॅसिलिटी परत पाठवते तेव्हा राग येतो, पण परत पाठवणारा माणूस तुमचे पैसे वाचवत असतो.

आता ट्यूब पोचली. पहिला थांबा क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी. बहुतेक महाविद्यालयांत नॅनोड्रॉप असतं आणि त्यावरचा आकडा लोक शिक्क्यासारखा घेऊन येतात: '२०० नॅनोग्रॅम पर मायक्रोलिटर आहे, सर.' नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला गेला तेवढंच बघतं. तिथे डीएनए शोषतो, आरएनएही शोषतो, सुटे न्यूक्लिओटाइडही शोषतात. क्यूबिटमधला रंग मात्र दुपदरी डीएनएलाच धरून चमकतो. आरएनए तोडणारं आरएनएज हे एन्झाइम न घातलेल्या पानाच्या नमुन्यात नॅनोड्रॉप २०० म्हणेल आणि क्यूबिट ३०. दोन्ही यंत्रं खरंच बोलतात. लायब्ररीला, म्हणजे मशीनसाठी तयार करायच्या तुकड्यांच्या संचाला, उपयोगाचे मात्र ३०.

नॅनोड्रॉप म्हणून टाकाऊ नाही. त्याची गुणोत्तरं बघावीत. २६०/२८० हे डीएनएसाठी १.८च्या आसपास, आरएनएसाठी २च्या आसपास. २६०/२३० दोनच्या जवळ किंवा थोडं वर. दुसरं गुणोत्तर १च्या खाली घसरलं असेल तर साखळ्या, फिनॉल किंवा किटमधलं ग्वानिडिन मीठ मागे राहिलं आहे. साधा उपाय ७० टक्के इथेनॉलने आणखी एकदा धुण्याचा. तरी सुधारलं नाही तर पुन्हा पानाकडे जाणं स्वस्त पडतं. शेवटी डीएनए कशात विरघळवला तेही महत्त्वाचं. टीई बफरमधलं ईडीटीए मॅग्नेशियमला बांधून टाकतं आणि लायब्ररीतल्या एन्झाइमांना मॅग्नेशियमच लागतं. म्हणून पाठवायचा डीएनए १० मिलिमोलर ट्रिसमध्ये असावा, पीएच ८ ते ८.५.

आरएनएच्या बाबतीत आकड्यांवर आंधळा विश्वास उलट बाजूने घात करतो. आरएनए शाबूत आहे का यासाठी १ ते १० असा आरआयएन गुण देतात, आणि ७ किंवा ८च्या खाली नको असा नियम फॉर्मवर छापलेला असतो. तो गुण प्रामुख्याने प्राण्यांच्या आरएनएवर बेतलेला आहे. हिरव्या पानात १८-एस आणि २५-एस या पेशीच्या नेहमीच्या आरएनएच्या जोडीला हरितलवकाची १६-एस आणि २३-एस शिखरंही येतात. सॉफ्टवेअरला वाटतं, आरएनए तुटलेला आहे. उत्तम पानाला ६ मिळतात, आणि अननुभवी हात तो नमुना फेकतो. जाणता तंत्रज्ञ आलेख उघडतो. शिखरं टोकदार आहेत, मधली जमीन सपाट आहे, मग घ्या हा नमुना. हा निर्णय कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

नाशिकहून पुण्याला किंवा हैदराबादला नमुना पोचवताना जे होतं, त्यावर वेगळा लेख होईल. मोजकं सांगायचं तर, डीएनएसाठी पानं न्यायची असतील तर बर्फ लागतच नाही. पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल एका पाकिटात घाला आणि पान एका दिवसात कडकडीत वाळू द्या. रंग मंद गतीने तपकिरी झाला तर वाळायला उशीर झाला, असं समजावं. आरएनएसाठी पान बागेतच गोठवावं लागतं. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा, असा प्रश्न पडतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचत असतो, तिथे विचारून बघावं. पाठवताना ड्राय आइस, उणे ७८.५ अंश. साध्या थर्माकोलच्या पेटीत २४ तासांत दोन ते साडेचार किलो उडून जातो, तेव्हा दोन दिवसांच्या प्रवासाला दहा किलोच्या खाली जाऊ नये. पेटी हवाबंद करू नये, वायूच्या दाबाने झाकण उडतं. सोमवारी पाठवावं, शुक्रवारी कधीच नाही. आणि ट्यूबवर साध्या मार्करने लिहिलेलं नाव इथेनॉलचा एक थेंब पुसून टाकतो. बारीक गोष्ट वाटते, पण बिननावाच्या बारा ट्यूब उघडून बसलेल्या तंत्रज्ञाला ती तशी वाटत नाही.

नावावरून आठवलं: नमुन्याला '१-२' किंवा '३-४' अशी नावं देऊ नयेत. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकतं. जनुकांच्या नावांचंही तेच होत होतं. 'सेप्ट' आणि 'मार्च'ने सुरू होणारी मानवी जनुकं एक्सेलमध्ये सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा व्हायची. अखेर जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे जीवशास्त्राने हात टेकले. तेव्हा नमुन्याचं नाव अक्षराने सुरू करावं, मध्ये मोकळी जागा आणि चिन्हं टाळावीत.

लायब्ररी म्हणजे डीएनएचे तुकडे करून दोन्ही टोकांना मशीनला ओळखता येतील असे ॲडॅप्टर जोडणं. जोडल्यावर उरलेले ॲडॅप्टर एकमेकांनाच चिकटतात आणि १२०-१३० अक्षरांची निकामी जोडी तयार होते. ती आखूड असल्यामुळे फ्लो सेलवर लांब तुकड्यांपेक्षा चपळाईने वाढते. आधुनिक फ्लो सेलवर तिचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं चालत नाही. ती काढायला चुंबकीय बीड्स, म्हणजे डीएनए धरणारे बारीक मणी, वापरतात आणि सगळा खेळ प्रमाणाचा असतो. द्रावणाच्या ०.८ पट बीड्स घातले तर आखूड तुकडे मागे राहतात, १.८ पट घातले तर जवळपास सगळेच येतात. बीड्स फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवले नाहीत, नीट हलवले नाहीत, की हे प्रमाण कागदावरच राहतं. नंतरचं इथेनॉल त्याच दिवशी बनवलेलं हवं, कारण उघड्या बाटलीतलं उडून पाणी वाढतं आणि पाणी डीएनएला बीड्सवरून सोडवतं.

मग पूलिंग. मोठ्या मशीनची लेन म्हणजे काळी-पिवळी जीप: सीट भरल्याशिवाय निघत नाही. एकट्याचे आठ नमुने लेनच्या कोपऱ्यात मावतात, म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या लायब्रऱ्या एकत्र करून लेन भरतात आणि खर्च वाटून घेतात. प्रत्येक नमुन्याला इंडेक्स नावाचा अक्षरांचा बिल्ला असतो, त्यावरून नंतर वाटणी होते. सर्व लायब्रऱ्यांमधले रेणू मात्र मोजून सारखे घ्यावे लागतात. नॅनोग्रॅममधली तीव्रता दहा लाखांनी गुणायची आणि ६६० गुणिले सरासरी लांबीने भागायचं; ४ नॅनोग्रॅम आणि ४०० अक्षरं असतील तर १५ नॅनोमोलर. लांबी टेपस्टेशनवरूनच घ्यावी, अंदाजाने नाही. कुणी ३०० ऐवजी ६०० लिहिले तर त्याची लायब्ररी दुप्पट जाते आणि शेजाऱ्यांची वाचनं खाते. सामाईक लेनमध्ये एकाच्या निष्काळजीपणाचं बिल दहा जण भरतात, म्हणून फॅसिलिटी तुमच्या आकड्यांवर न थांबता सगळ्यांच्या लायब्रऱ्या क्यूपीसीआरने, म्हणजे मोजणी करणाऱ्या पीसीआरने, पुन्हा मोजते. हा अविश्वास अपमान समजू नये.

इंडेक्सचं आणखी एक दुखणं आहे. काही मशीन दुसरा इंडेक्स सरळ वाचतात, काही उलट-पूरक. विद्यार्थ्याने जुन्या मशीनची इंडेक्स-शीट नव्या मशीनला दिली की रन उत्तम होतो, दर्जा उत्तम येतो आणि सगळी वाचनं 'अनडिटरमाइंड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. घाबरायचं कारण नाही. शीट दुरुस्त करून वाटणी पुन्हा चालवता येते. याउलट दोघांनी एकच इंडेक्स वापरला असेल तर त्यावर इलाज नाही. शिवाय थोडी वाचनं चुकीच्या बिल्ल्यावर उडी मारतातच, म्हणून दोन्ही टोकांना वेगवेगळे, एकदाच वापरलेले इंडेक्स घ्यावेत.

१६-एससारख्या नमुन्यात सगळे तुकडे एकाच अक्षरक्रमाने सुरू होतात. मशीनला पहिल्या फेऱ्यांत चारही अक्षरांची सरमिसळ दिसली नाही तर ते गोंधळतं. त्यासाठी फाय-एक्स या विषाणूचा डीएनए ५ ते २० टक्के, कधी त्याहूनही जास्त, मिसळतात. ५,३८६ अक्षरांचा हा जिनोम सँगर यांच्या गटाने १९७७मध्ये वाचला होता. आज तो जगभरच्या मशीनमध्ये भर म्हणून जातो. वाचनांच्या शेवटी 'जी'ची लांब ओळ दिसली तर तो शोध नव्हे. दोन रंगांच्या मशीनमध्ये 'जी'ला प्रकाशच नसतो, तुकडा संपला की अंधार, आणि अंधार म्हणजे मशीनसाठी 'जी'.

एवढं सगळं चोख झालं तरी प्रयोग आखतानाच घात झालेला असू शकतो. २०१४मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना करणारा एक मोठा निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा, की जनुकांच्या कामाच्या दृष्टीने माणसाचं यकृत उंदराच्या यकृताऐवजी माणसाच्याच इतर अवयवांशी जास्त जुळतं. २०१५मध्ये योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी त्याच डेटातल्या वाचनांच्या नावांवरून मशीन आणि लेन शोधून काढल्या. माणसाचे नमुने बहुतांशी एका ठिकाणी वाचले गेले होते, उंदराचे दुसऱ्या. तो फरक हिशेबात धरला की मूळ निष्कर्ष टिकत नव्हता.

हेच द्राक्षात रोज घडू शकतं. रोगट पानं सोमवारी एकाने काढली, निरोगी गुरुवारी दुसऱ्याने काढली, दोन्हींच्या लायब्रऱ्या वेगळ्या दिवशी झाल्या. मग जो फरक दिसतो तो रोगाचा की गुरुवारचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. प्लेटवर नमुने आधीच मिसळून लावावेत, काढणाऱ्याचं नाव आणि तारीख प्रत्येक नमुन्यासमोर लिहावी. आणि एकाच वेलीच्या पानाचे तीन भाग म्हणजे तीन नमुने नव्हेत; तीन वेली लागतात. यीस्टच्या दोन प्रकारांच्या प्रत्येकी ४८ नमुन्यांवर २०१६मध्ये झालेल्या एका अभ्यासाने तर निदान सहाची शिफारस केली. पैसे कमी असतील तर प्रत्येक नमुन्यामागची वाचनं कमी करावीत, वेली कमी करू नयेत. हा सल्ला मानवत नाही, कारण 'नमुन्यामागे पाच कोटी वाचनं' हे वाक्य प्रस्तावात भारी दिसतं.

माणसांच्या नमुन्यांबद्दल थोडक्यात. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यावं. हेपॅरिनची ट्यूब नको, हेपॅरिन पीसीआरला अडवतं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेच्या एथिक्स समितीची मंजुरी आणि संमतीपत्र लागतं, आणि फॅसिलिटी ते पत्र आधी मागते. सुरगाणा-पेठच्या आदिवासी भागात काम असेल तर संमती समजेल अशा बोलीत सांगितली गेली का, हेही विचारलं जावं. सिकलसेलसारखा आजार बीटा-ग्लोबिनमधल्या एका अक्षराच्या बदलाचा आहे. तो शोधायला जिनोमची गरज नाही, हेही इथे पुन्हा सांगायला हवं.

डेटा मिळाल्यावर लोक फॅसिलिटीला विसरतात. निदान एवढं करावं: उतरवून घेतलेल्या फाइलचा एमडी-५ आकडा जुळतो का बघावं, कारण अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी उघडतेही. दोन ठिकाणी ठेवावी. फॅसिलिटीचा सर्व्हर ठरावीक मुदतीनंतर साफ होतो आणि ती मुदत ईमेलच्या तळाशी लिहिलेली असते. निबंधाच्या वेळी डेटा सार्वजनिक भांडारात द्यावा लागतो. त्यासाठी आता फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे.

दरांबद्दल कुरकुर नेहमीची. शैक्षणिक संस्थांना एक दर, कंपन्यांना दुसरा, वर जीएसटी. पण किट बहुधा आयात केलेलं असतं, त्याला मुदत असते, वितळवलेलं कार्ट्रिज परत गोठवून चालत नाही. रन चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर पूर्ण फ्लो सेल वाया. फेब्रुवारीत अचानक रांग लागते, कारण ग्रँट ३१ मार्चच्या आत संपवायची असते. मग क्यूसीत नापास झालेले नमुनेही 'लावून टाका' असा आग्रह होतो. तो मानणारी फॅसिलिटी कुणाचंच भलं करत नाही.

माझा आक्षेप दरांवर नाही, नेमणुकांवर आहे. मशीनसाठी निधी एकदा येतो, तंत्रज्ञ मात्र वर्षा-वर्षाच्या करारावर असतात. सहाव्या वर्षी तो अनुभवी डोळा, तो आरआयएनचा आलेख वाचणारा, खासगी कंपनीत निघून जातो आणि मागे किटची माहितीपत्रकं उरतात. त्याचं नाव निबंधाच्या आभारात 'फॅसिलिटी' या एका शब्दात मिटवलेलं असतं. प्रयोगाची आखणी त्याने बदलून दिली असेल, पूर्ण पद्धत बसवून दिली असेल, तर तो सहलेखक आहे. नुसता रन लावला असेल तर आभार पुरेत. ही रेषा काम सुरू होण्याआधी लेखी ठरलेली बरी.

वेळेचं म्हणाल तर नाशिकच्या द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीवरून मागे मोजत यावं. डाऊनीचे नमुने छाटणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात मिळतात. प्रायमर आणि किट यायला काही आठवडे जातात. म्हणून पहिला फोन ऑगस्टमध्ये करावा, तेव्हा हातात जनुकाचं नाव, नमुन्यांची संख्या आणि एकूण रक्कम असावी. सप्टेंबरात, वेलीवर जुनी पानं असतानाच, त्यांच्यावर चार नमुन्यांची चाचणी करून क्यूबिट आणि गुणोत्तरं बघून घ्यावीत. जुन्या पानांतून साधलं तर कोवळ्यांतून साधतंच. डिसेंबरचा स्लॉट त्याच वेळी मागून ठेवावा, मार्चएंडची गर्दी सुरू व्हायच्या आत.